नळदुर्ग गहाण पडला त्याची गोष्ट

वाचकहो, धाराशिव जिल्ह्यात लोहारा तालुक्यात माकणी नावाचे गाव आहे. तेरणा नदीवरचे निम्न तेरणा धरण याच गावाशी बांधलेले आहे. १९९३ च्या ३० सप्टेंबरच्या पहाटे भूकंपाने हा सारा परिसर हादरला, तेव्हापासून या भागाचे नाव दूरदूरच्या लोकांना ठाऊक झाले. पण आज सांगायची आहे ती भूकंपाची गोष्ट नाही. भूकंप एका पहाटे येतो आणि साऱ्या जगाला कळतो. काही संकटे मात्र कागदावरून येतात. त्यांचा आवाज होत नाही आणि कळते तेव्हा शेत हातचे गेलेले असते.

माकणीच्या धरणाच्या भिंतीवर उभे राहून तेरणेच्या वरच्या अंगाला नजर टाका. त्या बाजूला, याच नदीच्या काठी, तेर हे जुने गाव आहे. संत गोरोबाकाकांचे तेर. दोन हजार वर्षांपूर्वी त्याचे नाव तगर होते. तगरचे कापड गाड्यांत भरून भडोचच्या बंदराला जाई आणि तिथून जहाजाने थेट रोमच्या राज्यापर्यंत पोहोचे. एका ग्रीक खलाशाने तशी नोंद लिहून ठेवली आहे. रोम तेव्हा जगातली मोठी सत्ता होती, पण तिची फौज काही तेरणाकाठी आली नाही. आपण माल दिला, त्यांनी दाम मोजले आणि व्यवहार तिथेच मिटला.

पुढे सोळा-सतराशे वर्षांनी दुसरा एक व्यापारी आला. तोही कापडासाठीच आला होता. पण जाताना तो आपला जिल्हाच गहाण ठेवून घेऊन गेला. इंग्लंड हा देश आकाराने महाराष्ट्राहून लहान. असा देश जगाचा धनी कसा झाला, हे मुलांना समजावून सांगायचे तर लंडनला जायची गरज नाही. आपल्या नळदुर्गाची गोष्ट सांगितली तरी पुरे.

राखणदार ठेवला

ईस्ट इंडिया कंपनीला व्यापाराची सनद मिळाली ती १६०० साली, डिसेंबरच्या ३१ तारखेला. पहिली दीडशे वर्षे ती वखारी घालून मालाची ने-आण करीत होती. १७५७ साली बंगालमध्ये प्लासीची लढाई झाली आणि १७६५ साली तिथल्या महसुलाची दिवाणी कंपनीच्या हाती आली. इथे खरा फरक पडला. पूर्वी माल घ्यायला इंग्लंडहून चांदी आणावी लागे. आता बंगालच्या शेतकऱ्याकडून सारा वसूल करायचा आणि त्याच पैशातून बंगालचाच माल विकत घ्यायचा! त्याच पैशातून फौज ठेवायची आणि त्या फौजेने पुढचा मुलुख घ्यायचा. घरचा एक पैसाही न घालता धंदा वाढू लागला.

आपल्याकडे तेव्हा निजामाचे राज्य होते. १७९५ च्या मार्चमध्ये खर्ड्याला मराठ्यांनी निजामाचा मोठा पराभव केला. खर्डा आपल्या शेजारच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, जामखेड तालुक्यात आहे. निजाम हरला आणि घाबरला. मराठ्यांची चौथाईची मागणी डोक्यावर होतीच. आपले घोडेही दुसऱ्याच्या शिवारात चारले जात होते, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. शेजाऱ्या-शेजाऱ्यांत वैर माजले की राखणदाराला बरे दिवस येतात.

१७९८ च्या सप्टेंबरात निजामाने कंपनीशी तह केला. कंपनीची सहा हजारांची फौज निजामाच्या राज्यात राहावी, निजामाने फ्रेंच अधिकारी काढून टाकावेत आणि फौजेच्या खर्चासाठी दरसाल सुमारे २४ लाख रुपये द्यावेत, असे ठरले. यालाच तैनाती फौज म्हणतात. नीट पाहिले तर फौज कंपनीची, हुकूम कंपनीचा आणि पगार मात्र निजामाचा! पुढच्याच वर्षी टिपू सुलतान पडला. त्याच्या राज्यातला काही मुलुख निजामाला वाट्याला मिळाला. पण १८०० साली फौज वाढवण्यात आली आणि तिच्या खर्चापोटी तोच मुलुख कंपनीने परत घेतला. बल्लारी-कडप्याच्या भागाला पुढे ‘दत्त मंडल’ म्हणजे देऊन टाकलेला प्रांत हे नाव पडले, ते यामुळेच.

मराठ्यांचीही पाळी दूर नव्हती. २३ सप्टेंबर १८०३ रोजी जालना जिल्ह्यातील आसई गावाच्या रानात शिंदे आणि भोसल्यांची फौज कंपनीपुढे हरली. त्या दिवशी इंग्रजांचा सेनापती होता आर्थर वेलस्ली. हाच माणूस पुढे ड्यूक ऑफ वेलिंग्टन झाला आणि १८१५ साली वॉटर्लूला त्याने नेपोलियनला हरवले. म्हणजे युरोपचे भवितव्य ठरवणारा सेनापती लढाईचे धडे गिरवून गेला तो आपल्या मराठवाड्याच्या मातीत. १८१८ साली पेशवाई बुडाली आणि दख्खनमध्ये कंपनीला विचारणारा कोणी उरला नाही.

न मागितलेली फौज

आता गोष्टीतली खरी गोम ऐका.

१८०० च्या तहात एक कलम होते. युद्ध झाले तर निजामाने कंपनीच्या मदतीला सहा हजार पायदळ आणि नऊ हजार घोडेस्वार द्यावेत, असे त्यात म्हटले होते. युद्ध झाले तर, एवढेच. पण हैदराबादच्या इंग्रज रेसिडेंटाने म्हटले की, निजामाचे सैनिक कामाचे नाहीत, त्यांना आमच्या गोऱ्या अधिकाऱ्यांच्या हाताखाली तयार करू. हेन्री रसेल नावाच्या रेसिडेंटाच्या काळात ही फौज उभी राहिली. तिला हैदराबाद कंटिंजंट म्हणत. तैनाती फौज होतीच, ही आणखी दुसरी.

पुढे युद्ध संपले, मराठे संपले, शत्रू उरला नाही. फौज मात्र तशीच राहिली. तिचा खर्च दरसाल सुमारे ४० लाख रुपये. अधिकाऱ्यांचे पगार तर असे भरघोस की हैदराबादच्या नोकरीसाठी इंग्रज तरुण वशिला लावत. चोर गावात उरला नाही, पण राखणदाराचा पगार दरवर्षी वाढतो आहे आणि त्याला काढावे म्हटले तर तोच काठी आपटून उभा राहतो, असा हा प्रकार. आपल्या म्हणीत सांगायचे तर कुंपणच शेत खाऊ लागले.

निजामाचा कारभारी चंदूलाल याने हा पैसा उभा कसा केला? तालुके मक्त्याने दिले. जो जास्त बोली लावील त्याने त्या तालुक्याचा सारा वसूल करावा. मक्तेदाराला वर्षभरात आपली बोली आणि नफा दोन्ही काढायचे असत. पुढल्या वर्षी तालुका आपल्याकडे राहील याचा त्याला भरवसा नसे. मग त्याने विहीर बुजली की बैल मेला याची चौकशी कशाला करावी? बायाबापड्यांनी घाम गाळून पिकवलेली ज्वारी खळ्यावरूनच उचलली जाई. लंडनच्या वैभवाचा एक धागा अशा रीतीने आपल्या खळ्यापर्यंत पोहोचत होता.

सावकाराची पेढी

मक्त्यानेही पैसा पुरेना, तेव्हा कर्ज निघाले. हैदराबादेत विल्यम पामर कंपनी नावाची सावकारी पेढी होती. हिंदुस्थानी राजांना इंग्रज प्रजाजनांनी परवानगीशिवाय कर्ज देऊ नये, असा इंग्लंडच्या पार्लमेंटचाच कायदा होता. पण गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज यांनी या पेढीला खास परवानगी दिली. पेढीतला एक भागीदार, सर विल्यम रम्बोल्ड, हा त्यांच्या घरात वाढलेल्या मुलीचा नवरा होता. व्याजाचा दर शेकडा चोवीस-पंचवीसपर्यंत जाई.

कर्ज कशासाठी? मुख्यतः कंटिंजंटचा पगार भागवण्यासाठी. म्हणजे फौज लादली कंपनीने, तिच्या पगारासाठी कर्ज दिले कंपनीच्या मर्जीतल्या पेढीने आणि व्याज भरले निजामाच्या रयतेने. १८२० साली चार्ल्स मेटकाफ हा नवा रेसिडेंट आला. त्याने हे सारे प्रकरण उघडकीस आणले, मोठा गवगवा झाला. इंग्रजांतही सरळ माणसे होती, हे मान्य केले पाहिजे. मेटकाफने पेढीचे कर्ज फेडण्याची व्यवस्था केली. पण त्यासाठीही निजामाला कंपनीकडून दरसाल मिळणारी सात लाखांची हक्काची रक्कम कायमची सोडावी लागली. आणि फौज? ती राहिलीच. पेढी बुडाली, तिच्या जागी कंपनी स्वतःच सावकार झाली. फौजेचा पगार थकला की कंपनी आपल्या खजिन्यातून देई आणि निजामाच्या खात्यावर मांडून ठेवी. वर व्याज चालूच.

ताबेगहाण

१८४८ साली लॉर्ड डलहौसी गव्हर्नर जनरल होऊन आले. सातारा त्यांनी त्याच वर्षी खालसा केले. पंजाब १८४९ साली घेतला, झाशी आणि नागपूर १८५४ साली. निजामाला मात्र वारस होता, तो काही मरत नव्हता. तेव्हा तिथे वही उघडली. बाकी चाळीस लाखांच्या वर दाखवली गेली.

१६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली आगगाडी धावली, हे शाळेतले मूलही सांगते. त्यानंतर महिना-सव्वा महिन्याने, २१ मे १८५३ रोजी, निजाम नासिरुद्दौला यांच्याशी झालेला तह मात्र फारसा कोणी सांगत नाही. या तहाने वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि आपला नळदुर्ग, म्हणजे धाराशिवकडचा मुलुख, कंपनीच्या ताब्यात गेला. मालकी निजामाची, ताबा कंपनीचा. उत्पन्नातून कंटिंजंटचा खर्च व बाकी भागवायची, हिशेब दाखवायचा आणि उरेल ते निजामाला द्यायचे. शेतकरी बंधूंनो, याला आपण काय म्हणतो? ताबेगहाण! जमीन सावकार कसणार, पीक सावकार नेणार, सातबाऱ्यावर नाव तेवढे आपले.

या धक्क्यानंतर काही दिवसांतच निजामाचे दिवाण सिराजुल्मुल्क वारले आणि त्यांचे तरुण पुतणे सालारजंग दिवाण झाले. वय चोवीस वर्षे, खजिना रिकामा आणि सुपीक प्रांत गहाण.

सावकाराचा जावई अंमलदार

नळदुर्गाचा कारभार पाहायला आला तो कॅप्टन फिलिप मेडोज टेलर. १८०८ साली लिव्हरपूलला जन्मलेला. पोरवयात हिंदुस्थानात आला, निजामाच्या चाकरीत वाढला, इथल्या भाषा शिकला. ठगांच्या जीवनावरची त्याची कादंबरी १८३९ साली निघाली आणि विलायतेत गाजली. पुढे त्याने ‘तारा’ ही कादंबरी लिहिली, तिची नायिका तुळजापूरची. आणि गंमत पाहा, त्याची बायको होती त्याच पामर सावकाराची मुलगी. सासऱ्याच्या पेढीने ज्या कर्जाची सुरुवात केली, त्या कर्जापायी गहाण पडलेल्या जिल्ह्यावर जावई अंमलदार म्हणून आला!

माणूस मात्र वाईट नव्हता. बोरी नदीवरच्या आदिलशाही पाणीमहालाजवळ, नळदुर्गच्या किल्ल्यात, तो राहिला. त्याने रस्ते सुरू केले, जमिनीच्या मोजणीला हात घातला, तलावांच्या कामात लक्ष घातले, रयतेचे गाऱ्हाणे तिच्याच बोलीत ऐकून घेतले. मक्तेदाराच्या जाचानंतर लोकांना हे बरे वाटले असेल, यात नवल नाही. इथेच आपण नीट विचार केला पाहिजे. साम्राज्य नुसत्या दुष्ट माणसांवर चालत नाही. ते कष्टाळू, हुशार, मनमिळाऊ माणसांवरही चालते. टेलरने रस्ता चांगला केला, पण त्या रस्त्याने महसूल कोणाच्या खजिन्यात जायचा हे ठरवणे त्याच्या हाती नव्हते. गहाणदाराने बांध नीट घातला म्हणून शेत त्याचे होत नाही.

सुटले ते आणि अडकले ते

१८५७ चा उठाव झाला. हैदराबादेत १७ जुलैला तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांनी रेसिडेन्सीवर चाल केली. पण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने राहिले आणि दख्खन शांत राहिले. या उपकाराची फेड म्हणून १८६० च्या तहाने नळदुर्ग आणि रायचूरचा दुआब निजामाला परत मिळाला, ५० लाखांची बाकीही माफ झाली. साडेसात वर्षांनी आपला जिल्हा गहाणातून सुटला.

वऱ्हाड मात्र सुटले नाही. उलट त्याचा वार्षिक हिशेब मागायचा हक्कच निजामाला सोडावा लागला. का? तर वऱ्हाडात कापूस होता. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध चालले, तिकडचा कापूस बंद झाला. मँचेस्टरच्या गिरण्यांना वऱ्हाडच्या बोंडांची गरज लागली. भाव कित्येक पटींनी चढले. युद्ध थांबताच तेच भाव कोसळले आणि चढत्या भावाच्या भरवशावर कर्ज काढलेले शेतकरी खाली आले. पिकाचा भाव सातासमुद्रापलीकडे ठरू लागला, तो तेव्हापासून.

सालारजंगांनी जन्मभर वऱ्हाड परत मागितले. १८७६ साली ते इंग्लंडला गेले, मान मिळाला, पण प्रांत मिळाला नाही. १९०२ साली लॉर्ड कर्झनने वर्षाला २५ लाख रुपये देऊन वऱ्हाड कायमच्या पट्ट्याने लिहून घेतले. एकदा ताबा गेला की मालकी नुसती कागदाला चिकटून राहते ती अशी.

पैसा आणि माणूस कुठे गेला?

नळदुर्गाची गोष्ट एका जिल्ह्याची. अशीच रीत बंगालपासून ब्रह्मदेशापर्यंत चालली. १८५७ पूर्वी कंपनीच्या फौजेत दोन लाखांहून जास्त देशी शिपाई होते आणि गोरे पन्नास हजारांच्या आत. या फौजेला पोसले हिंदुस्थानच्या साऱ्याने. ती लढली मात्र चीनमध्ये, अफगाणिस्तानात, आफ्रिकेत. चीनने अफू घ्यायला नकार दिला म्हणून १८३९ ते १८४२ युद्ध झाले. ती अफू आपल्याच बिहार-माळव्याच्या शेतात पिकत होती. १८६८ साली हबसाणावर स्वारी झाली, ती फौज मुंबईहून निघाली. १८५७ चा उठाव मोडण्याचा खर्चदेखील हिंदुस्थानच्याच नावावर पडला. दादाभाई नवरोजींनी हा हिशेब आयुष्यभर मांडला आणि आपली संपत्ती कशी वाहून जाते ते इंग्रजांनाच आकड्यांनी दाखवून दिले.

१८७६-७७ साली दख्खनमध्ये भीषण दुष्काळ पडला. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यात माणसे खडी फोडायला दुष्काळी कामांवर लोटली होती. आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत मोठा दरबार भरवून व्हिक्टोरिया राणीला हिंदुस्थानची सम्राज्ञी जाहीर करण्यात आले. एकाच देशातली, एकाच हिवाळ्यातली ही दोन दृश्ये.

पहिल्या महायुद्धात दहा लाखांहून अधिक हिंदी जवान परदेशी गेले, त्यांतले ७४ हजारांवर परत आले नाहीत. दुसऱ्या महायुद्धात ही फौज २५ लाखांपर्यंत पोहोचली. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या निमजचे नामदेव जाधव, रायगडचे यशवंत घाडगे या मराठी जवानांनी दूर इटलीत व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला. घाडगे तिथेच धारातीर्थी पडले. शौर्य आपले होते, युद्ध पुकारण्याचा अधिकार मात्र आपला नव्हता.

वही उलटी फिरली

पण काळ सावकारालाही सोडत नाही. पहिल्या महायुद्धानंतर जगाची जवळजवळ चौथाई जमीन इंग्रजांच्या झेंड्याखाली होती. त्यानंतर पंचवीस-तीस वर्षांत सारे फिरले. दुसऱ्या महायुद्धासाठी इंग्लंडने हिंदुस्थानातून माल आणि माणसे उधारीवर घेतली. युद्ध संपले तेव्हा इंग्लंडच हिंदुस्थानचे सुमारे १३० कोटी पौंड देणे लागत होते! १९४६ साली त्यांना अमेरिकेपुढे हात पसरावा लागला आणि ३७५ कोटी डॉलरचे कर्ज घ्यावे लागले. लढाईच्या जोरावर मोठा झालेला देश लढाईच्या खर्चानेच वाकला. जगाचे पुढारीपण अमेरिकेकडे गेले. त्या उधारीपायी इथे महागाई आणि टंचाई किती माजली, हे मात्र विसरू नये. १९४३ साली बंगालमध्ये लाखो माणसे अन्नावाचून मेली.

आणि ती न मागितलेली फौज? हैदराबाद कंटिंजंट १९०३ साली ब्रिटिशांच्या हिंदी सैन्यात मिसळून गेली. तिच्यातून हैदराबाद रेजिमेंट झाली आणि १९४५ साली तिचे नाव कुमाऊँ रेजिमेंट पडले. स्वतंत्र भारताचे पहिले परमवीर चक्र मिळवणारे मेजर सोमनाथ शर्मा याच रेजिमेंटचे. ३ नोव्हेंबर १९४७ रोजी काश्मीरमध्ये बडगामला ते लढता लढता पडले. एकेकाळी आपल्या पणजोबांच्या ज्वारीवर परक्यासाठी उभी राहिलेली पलटण अखेर आपल्या घरासाठी लढली.

नळदुर्गाच्या नशिबी आणखी एक दिवस होता. १३ सप्टेंबर १९४८ च्या पहाटे सोलापूरकडून भारतीय सेना निजामाच्या राज्यात शिरली, तेव्हा बोरी नदीवरचा नळदुर्गचा पूल तिने पहिल्याच तासांत हाती घेतला. चार दिवसांनी, १७ सप्टेंबरला, निजामाने शरणागती दिली. ज्या नळदुर्गाने गहाणाचे दिवस पाहिले, त्याच नळदुर्गावरून मोकळिकीची वाट गेली.

वाचकहो, १७ सप्टेंबरला आपण मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन पाळतो. त्या दिवशी मुलांना झेंडावंदनाला पाठवताना ही गोष्टही सांगा. एखाद्या रविवारी पोराबाळांना घेऊन नळदुर्गला जा. पावसाळ्यात नर-मादीचे धबधबे आणि पाणीमहाल पाहायला गर्दी असते, पण घटकाभर बुरुजावर शांत बसून त्यांना सांगा की, हा सारा मुलुख एकदा कर्जापायी गहाण पडला होता. गहाण टाकणाऱ्याने रयतेला विचारले नव्हते आणि ठेवून घेणाऱ्यानेही विचारले नव्हते.

शेजाऱ्याशी भांडण लांबवले की राखणदार ठेवावा लागतो. राखणदाराच्या पगारासाठी कर्ज काढले की सावकार घरात येतो. आणि सावकाराच्या वहीचा हिशेब आपण स्वतः पाहिला नाही, तर एक दिवस बांध त्याचा होतो. घराला लागू पडते तेच राज्याला लागू पडते. म्हणून घरातल्या लेकीसुनांनी आणि पोरांनी वाचायला शिकलेच पाहिजे, ते केवळ नोकरीसाठी नव्हे. अंगठा किंवा सही करण्याआधी कागदावर काय लिहिले आहे, हे आपले आपल्याला कळावे म्हणूनही.